लाहौलमध्ये कुठाची शेतं पाहिलीत? मग या चुका टाळा

मनालीजवळच्या अटल बोगद्यातून पलीकडे निघालं की थोड्याच अंतरात हिरवाई विरळ होते आणि हिमाचलमधल्या लाहौलचे कोरडे, उघडे डोंगर सुरू होतात. तिथल्या काही शेतांत पुरुषभर उंचीची, रुंद पानांची, काळपट जांभळ्या फुलांची झाडं दिसतात. हे कुठ. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात याचंच सुगंधी मूळ 'कोष्ठ' म्हणून मिळतं. ती शेतं पाहून हमखास म्हटलं जातं, "एवढं पिकतंय, मग दुर्मीळ कसलं?"

सगळ्यात मोठी चूक हीच. लाहौलमधलं कुठ लावलेलं आहे. १९२० च्या दशकात ते तिथे पीक म्हणून आलं. त्याचं मूळ घर काश्मीर आणि लगतचे उंच उतार. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत ते धोक्याच्या सर्वात वरच्या श्रेणीत, म्हणजे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. हा दर्जा रानातल्या झाडांचा आहे. शेतातली रोपं कितीही मोजली तरी तो खाली येत नाही. शिवाय शेतीचा तरी काय भरवसा? भाव पडले तेव्हा लाहौलचे अनेक शेतकरी बटाटा आणि मटारकडे वळलेच.

रानातलं कुठ संपत का गेलं, ते सरळ आहे. औषध मुळात असतं, त्यामुळे अख्खं झाड उपटावं लागतं, आणि बी पडण्याआधी खणलं तर मागे काहीच उरत नाही. या मुळांना मागणीही जुनी: चीनमध्ये धूपासाठी, काश्मिरात शालींना कसर लागू नये म्हणून. संस्थानी काळात तर हा व्यापार काश्मीर दरबाराच्या मक्तेदारीत होता.

दुसरा घोटाळा याद्यांचा. लाल यादी धोका सांगते, ती कायदा नव्हे. कायदा पाहायचा तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम उघडा. जुन्या लेखांत कुठ सहाव्या अनुसूचीत सापडेल, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर वनस्पतींची अनुसूची तिसरी आहे. रानातून उपटणं तर सोडाच, लागवडीलाही परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी सायटीस करार वेगळा. त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक निर्बंधांच्या परिशिष्टात कुठ १९८५ पासून आहे. यात मुळासोबत तेल, अर्क आणि तयार औषधही येतं. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी काढे-चूर्णांनी बॅग भरणाऱ्यांनी डबीवरची घटकयादी आधी वाचावी.

शोधून यादीत नाव मिळत नसेल, तर बहुधा तुम्ही एकच शास्त्रीय नाव टाकलं आहे. सॉसुरिया कोस्टस, सॉसुरिया लापा, ऑकलँडिया कोस्टस, डोलोमिया कोस्टस: ही सगळी याच झाडाची. वनस्पतिशास्त्रज्ञांना नावं बदलण्याची हौस, आणि डोकेदुखी आपल्याला!

ओळखही तपासून घ्या. त्याच खोऱ्यात पुष्करमूळ पिकतं, तेही उंच आणि मोठ्या पानांचं, पण फुलं पिवळी. सह्याद्रीत पावसाळ्यात पांढरी फुलं धरणारा पेव तर अगदी परका, आल्याच्या नातलगांतला. त्याच्याही शास्त्रीय नावात 'कोस्टस' येत असल्यामुळे त्याला कुठ समजून गल्लत होते.

आणि समजा, शेतापासून दूर एखाद्या उतारावर कुठ दिसलंच? 'जंगली कुठ सापडलं' अशी पोस्ट लगेच टाकू नका. आसपास जुन्या शेताचे बांध किंवा पाण्याचा पाट आहे का बघा; शेतातून निसटलेलं झाडही असू शकतं. पानांचे, फुलांचे फोटो घ्या, मुळाला हात लावू नका. फोटोसोबत नेमकं ठिकाण जाहीर झालं की खणणाऱ्यांचं काम सोपं होतं, म्हणून मोबाइलमधलं लोकेशन बंद ठेवा आणि जागा फक्त तिथल्या वन परिक्षेत्र कार्यालयाला कळवा.