काळ्या टर्मिनलांनी शिकवलेला धडा: स्पीकर स्विच बॉक्सची जोडणी शोधताना

आयटीआय संपवून मी बेळगावात दुरुस्तीच्या एका दुकानात बसू लागलो, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात खानापूर तालुक्यातील एका मंगल कार्यालयाचा स्पीकर स्विच बॉक्स माझ्या टेबलावर आला. सभागृह, जेवणाचा हॉल, वधूपक्षाची खोली आणि ओसरी अशा चार ठिकाणच्या स्पीकरांच्या जोड्या चार बटणांवर चालू-बंद करायच्या, एवढेच त्याचे काम होते. आत वीजपुरवठा नाही, आयसी (चिप) नाही, नुसती बटणे आणि तारा, म्हणून मी हे अर्ध्या तासाचे काम समजलो आणि तिथेच चुकलो.

आतली जोडणी शोधायला बॉक्स उघडता येत असेल तर उघडावाच, पण कित्येकांच्या पट्ट्या रिव्हेट केलेल्या असतात आणि तेव्हा मल्टिमीटरवरच भिस्त ठेवावी लागते. मोजण्यापूर्वी अँप्लिफायर आणि सर्व स्पीकर सोडवून घ्यावेत, कारण जोडलेल्या स्पीकरच्या कॉइलमधूनही मीटर खुशाल वाजतो. मीटरच्या बझरवर विसंबणे हा माझ्या मते या धंद्यातला सर्वांत वाईट आळस आहे. अडीच ओहमचा रोधक (रेझिस्टर) आणि साधी तार यांतला फरक त्याला कळत नाही. २०० ओहमच्या रेंजवर आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवावा आणि तो प्रत्येक मोजमापातून वजा करावा.

त्यानंतर प्रत्येक आउटपुटवर स्पीकरऐवजी १० ओहमचा रोधक लावून इनपुटवर मोजावे. एक बटण दाबल्यावर १० आणि दोन दाबल्यावर ५ ओहम आले, तर जोडणी समांतर आहे. दोन्ही दाबल्यावर २० आले, तर ती एकसर (सिरीज) आहे. आकडे १२.५ आणि ७.५ असे आले, तर वाटेत अडीच ओहमचा संरक्षक रोधक बसवलेला आहे असे समजावे. तो का बसवतात, तेही समजून घ्यावे. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर लावले की भार २ ओहमवर येतो आणि साधारण अँप्लिफायरला तो पेलत नाही; रोधकामुळे तो साडेचार ओहम होतो. मात्र चारही चालू असताना निम्म्याहून अधिक शक्ती त्या रोधकातच उष्णता होऊन जाते, म्हणून आवाज कमी येतो म्हणून ओरड करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोष देऊ नये.

इथपर्यंत मी सगळे नीट केले होते. आता ज्यात मी फसलो ते सांगतो, आणि ते सविस्तरच सांगणार आहे. मी फक्त लाल टर्मिनलांचा माग काढला. डाव्या वाहिनीचे (चॅनेलचे) काळे टर्मिनल आणि उजव्या वाहिनीचे काळे टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावलाच नाही. स्वस्त बॉक्समध्ये बटणे फक्त लाल तारा तोडतात आणि दोन्ही वाहिन्यांच्या काळ्या तारा आत एकत्र बांधलेल्या असतात. कार्यालयाच्या जुन्या अँप्लिफायरचे काळे टर्मिनल ग्राउंडलाच (शून्य व्होल्टच्या समाईक तारेलाच) असल्यामुळे त्याचे त्यात काही बिघडत नव्हते. त्यांचा नवा अँप्लिफायर मात्र गाडीच्या स्टिरिओसारखा ब्रिज पद्धतीचा होता, म्हणजे त्याच्या काळ्या टर्मिनलावर ग्राउंड नसून दुसऱ्या आउटपुटाचा सिग्नल येत होता. शांतता असताना दोन्ही काळ्या टर्मिनलांवर सारखाच विद्युत दाब (व्होल्टेज) असतो, त्यामुळे काहीच घडले नाही. सनई लागली, दोन्ही वाहिन्यांचे सिग्नल वेगळे झाले, दोन आउटपुट एकमेकांना ओढू लागले आणि काही मिनिटांत एक वाहिनी कायमची गेली.

हे टाळायला एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. अँप्लिफायर चालू ठेवून, स्पीकर न लावता, काळे टर्मिनल आणि पुरवठ्याचे ऋण टोक यांच्यातला डीसी व्होल्टेज मोजावा. तो शून्याजवळ असेल तर काळजी नाही. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ६ आला, तर अँप्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे आणि काळ्या तारा एकत्र असलेला बॉक्स त्याला लावायचा नाही. रोधक घालूनही हा दोष सुटत नाही, कारण रोधक लाल तारेत असतो. ‘सगळे बॉक्स सारखेच’ असे सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये.

मी मीटर लावून बसलो होतो तेव्हा आमचे उस्ताद शेजारीच चहा पीत होते. त्यांनी सावध केले असते तर अँप्लिफायर वाचला असता, हा सल माझ्या मनात अजून आहे. जळून गेल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘मोदलु नोडु, आमेले मुट्टु’, म्हणजे आधी बघ, मग हात लाव. शिकवण्याची ही रीत मला पटत नाही. दुकानात नवी मुले आली की मी त्यांना काळी टर्मिनले आधीच दाखवतो. तुमचीही एखादी वाहिनी गेली, तर खचून जाऊ नका. आयसी बदलता येतो आणि गिऱ्हाईक सहसा परत येते.

त्या मंगल कार्यालयाचे मालकही परत आले. मी बॉक्स उघडून आतली समाईक काळी तार काढली आणि डाव्या जोड्यांच्या काळ्या टर्मिनलांना एक व उजव्या जोड्यांना दुसरी अशा दोन स्वतंत्र तारा सोल्डर केल्या. बटणे बदलावी लागली नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा चिकटवला आणि नव्या आयसीचे पैसे माझ्या त्या महिन्याच्या पगारातून गेले.