कांदा न बघताच फोडणीत टाकता? या चुका टाळा

पाककृतीत नुसतं 'दोन मध्यम कांदे' लिहिलेलं असतं. कोणते, ते कुणी सांगत नाही, आणि बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. वर्षभरात आपल्या घरात येणारा कांदा एकसारखा नसतो. दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतो तो खरिपाचा पोळ कांदा: गडद लाल, साल सैल, मान जाड, आत भरपूर पाणी. त्यामागून रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा कांदा येतो. मार्च-एप्रिलपासून निघतो तो उन्हाळ कांदा. याची साल घट्ट, अंग कोरडं. कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून पावसाळाभर टिकतो तो हाच. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या कांदा बाजारात भाव बोलताना लाल (म्हणजे पोळ आणि रांगडा) आणि उन्हाळ वेगळे धरतात. स्वयंपाकघरातही ते वेगळे धरायला हवेत.

रश्श्याच्या वाटणात कच्चा वास राहतो

रस्सा बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. अख्खा कांदा गॅसवर धरला, वरून काळा झाला की उतरवला. आतला गाभा मात्र कच्चाच असतो. तो तसाच वाटला की रश्श्याला उग्र, कडवट वास येतो आणि उरलेलं वाटण लवकर आंबतं. पोळ कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे तो आतून भाजायला आणखी वेळ लागतो. म्हणून या कांद्याचे उभे पातळ काप करून थोड्या तेलावर तांबूस होईपर्यंत परतावेत. खोबरं त्यात घालू नये, वेगळंच भाजावं, नाहीतर कांदा होईस्तोवर खोबरं करपतं. वाटण कच्चं राहिल्याचं उशिरा कळलं तर पाणी घालायच्या आधी ते मंद आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परता, पुष्कळसं सावरतं. करपलेल्या कांद्याचा कडवटपणा मात्र साखर घालूनही जात नाही. तो काढून टाकावा आणि नव्याने करावा.

परतण्याची घाई झाली की काहीजण चिमूटभर सोडा टाकतात. रंग लवकर चढतो, पण कांद्याचा लगदा होतो आणि चव सपक लागते. माझ्या मते आणखी दहा मिनिटं उभं राहिलेलं बरं. टोमॅटोची घाईही अशीच महाग पडते. आंबटपणा लागला की अर्धा शिजलेला कांदा पुढे मऊ पडत नाही, ग्रेव्हीत त्याचे तुकडे दाताखाली येतात. आधी कांदा, मग टोमॅटो.

खेकडा भजी मऊ पडतात

इथे दोष तेलाला दिला जातो, असतो मात्र पाण्याचा. उभा चिरलेला कांदा मीठ लावून, हाताने मोकळा करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घाला, वरून पाणी नको. पोळ कांदा इतका सुटतो की बेसन घातल्यावर लगेच तळायला घ्यावं लागतं. थांबलात तर पीठ सैल होतं. उन्हाळ कांद्याला कधीकधी पाण्याचा हबका लागतो.

पांढरा कांदा रश्श्यात घालणं

अलिबागचा पांढरा कांदा भात निघाल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर घेतात, आणि माळा विणून विकतात. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो गोडसर, कमी तिखट. तो घोटून शिजवणं म्हणजे त्याचं मोल घालवणं. भाकरीबरोबर, कोशिंबिरीत, पोह्यांवर वरून, कच्चाच खावा. प्रत्येक पांढरा कांदा अलिबागचा नसतो, हेही लक्षात ठेवा. घेताना एखादा चाखून बघावा.

उन्हाळ कांदा कच्चा खायचा असेल आणि फार झोंबत असेल, तर चिरून गार पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि निथळून घ्या. तासभर आधी चिरून उघडा ठेवला तर उग्र होतो. सांबारात छोट्या कांद्यांऐवजी मोठा कांदा चौकोनी तोडून घातला तर पाकळ्या सुटतात आणि आमटीसारखं दिसतं; छोटे मिळत नसतील तर मोठा उभाच चिरावा.

साठवण

पोळ कांदा स्वस्त म्हणून गोणीभर घेऊ नका. तो फार टिकत नाही. वर्षाची बेगमी उन्हाळ कांद्याचीच करावी. अख्खे कांदे फ्रिजमध्ये नकोत, बटाट्यांच्या टोपलीत तर नकोतच. हवेशीर जागी पसरून ठेवावेत. सालीवर दिसणारी काळी पूड ही बुरशी असते. वरच्या पापुद्र्यापुरती असेल तर तो काढून, कांदा धुऊन वापरावा. आत मऊ लागला तर फेकावा. कोंब आलेला कांदा चालतो, पण तळून कुरकुरीत करायला नाही. हिरवा कोंब पातीसारखा चिरून पिठल्यात घाला.