विंडोज पुन्हा टाकताना काम अर्ध्यात अडले तर

वळवाच्या पावसात पिंपळगाव बसवंतला वीज गेली, तेव्हा माझ्या मेव्हण्यांच्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकण्याचे काम पहिला रीस्टार्ट होऊन ६२ टक्क्यांवर पोचले होते. बॅटरी केव्हाच निकामी झालेली आणि लॅपटॉप केवळ चार्जरवर चालणारा, त्यामुळे दिव्यांबरोबर पडदाही काळा झाला. वीज आल्यावर 'संगणक अनपेक्षितपणे पुन्हा सुरू झाला, विंडोजचे सेटअप पुढे जाऊ शकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी चौकट दिसू लागली आणि ओके दाबले की रीस्टार्ट होऊन पुन्हा तीच. द्राक्षबागेच्या दोन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी आणि बाजार समितीच्या हिशोबपट्ट्यांचे फोटो त्याच यंत्रात होते. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच 'फॉरमॅट मारावे लागेल' असे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नाशिकला माझ्याकडे आला.

अशा वेळी सेटअप लगेच पुन्हा चालवू नये. फसलेल्या पहिल्या प्रयत्नात फायली बहुधा शाबूत राहतात. त्या जातात त्या घाईने केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात, 'डिलीट' किंवा 'फॉरमॅट' या बटणांवर. म्हणून आधी फायली बाहेर काढाव्यात आणि मगच विंडोजकडे वळावे. विंडोजमधूनच 'रीसेट' करताना काम फसले असेल आणि 'कोणतेही बदल केले नाहीत' असा संदेश आला असेल, तर ती चांगली बातमी समजावी.

दुसऱ्या एखाद्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सेटअप तयार करून घ्यावे. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. फायली ठेवण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क हवी. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूसाठी, म्हणजे तो कोणत्या डिस्कवरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीसाठी, डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ आणि असूसवर एस्केप ही कळ दाबावी लागते. सेटअपचा भाषा विचारणारा पहिला पडदा आला की तेथेच थांबून शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबावे. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागते. काळी खिडकी उघडते.

या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'नोटपॅड' टंकून एंटर दाबावे. नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन निवडावे आणि खालच्या यादीत 'ऑल फाइल्स' करावे. आता समोर असलेली चौकट म्हणजे एक छोटा फाइल एक्सप्लोररच असतो: हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी म्हणावे, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट करावे. येथे ड्राइव्हची अक्षरे नेहमीची असतीलच असे नाही, त्यामुळे सी शोधत न बसता आकार आणि नाव पाहून डिस्क ओळखावी. कॉपी चालू असताना प्रगतीची हिरवी पट्टी दिसत नाही आणि चौकट गोठल्यासारखी वाटते. मेव्हण्यांचा फोटोंचा फोल्डर जाईपर्यंत आम्ही दोन वेळा चहा घेतला, पण पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता म्हणून कशालाही हात लावला नाही.

जुने पार्टिशन (डिस्कचा आखून वेगळा केलेला भाग) फॉरमॅट न करता त्यावरच नवे विंडोज टाकले असेल, तर आधीची सारी सामग्री 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात सरकवलेली असते आणि त्यातील 'युजर्स'मध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो जसेच्या तसे मिळतात. त्याच ठिकाणच्या 'विंडोज' फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा अख्खा फोल्डरही उचलून ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल.

डिस्क दिसते पण उघडत नाही, असे झाले तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डिस्क-कुलूपाने, बंद असू शकते. अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते, म्हणून मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून पाहावे. डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असे लगेच मानू नये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांवर रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारा छोटा प्रोग्राम) 'लोड ड्रायव्हर' मधून दिल्याखेरीज सेटअपला डिस्क सापडत नाही. पार्टिशन पुसले जाऊन 'अनअलोकेटेड' जागा उरली असेल, तर त्यावर नवीन काहीही न लिहिता हरवलेली पार्टिशन शोधून देणारे टेस्टडिस्क हे मोफत साधन वापरून पाहावे. मात्र एसएसडीवर (चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) ट्रिम या आपोआप होणाऱ्या सफाईमुळे पुसलेली जागा प्रत्यक्षात रिकामी होते, त्यामुळे तेथे फार आशा धरू नये.

रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीतील, एक आकडा १ वरून ३ करून ती ओकेची चौकट ओलांडण्याची युक्ती आहे आणि ती चालतेही. अर्धवट उभ्या राहिलेल्या विंडोजवर माझा विश्वास नसल्याने मी ती वापरत नाही. फायली बाहेर पडल्यावर, त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावर, मी जुने पार्टिशन फॉरमॅट करून कोरे सेटअप चालवतो. त्यात ८००७०५७० या अंकांनी संपणारी चूक आली, तर बहुतेकदा पेन ड्राइव्ह किंवा त्यावरची फाइल खराब असते, आणि तो नव्याने बनवणे सोपे पडते. कारखान्यातूनच विंडोज घेऊन आलेल्या, विंडोज ८ नंतरच्या लॅपटॉपांत प्रॉडक्ट की मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली तर ती विचारली जात नाही. या वेळी मात्र चार्जर इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये होता.

संध्याकाळी विंडोज ११ सुरू झाले. मेव्हण्यांनी फवारणीची वही म्हणून जपलेली वर्डची फाइल उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग पाहून ते म्हणाले, "दाजी, फाइल गेली बहुतेक." फाइल गेली नव्हती. युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या काळातील शिवाजी, किरण अशा फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसला की असाच दिसतो. उचलून ठेवलेल्या फोल्डरातून शिवाजी फॉन्ट शोधला, त्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हटले आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या ओळीत 'बोर्डो मिश्रण' असे स्वच्छ मराठीत दिसले.