टास्क फोल्डर शेअर करताना हक्क मोजून द्या

रजेवर जाताना कामांच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवू नका, दुसऱ्या दिवशीच तो शिळा होतो. ऑफिसचं मेल खातं एक्स्चेंजवर (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर) असेल तर क्लासिक, म्हणजे जुन्या आउटलुकच्या टास्क्समध्ये त्या कामापुरतं वेगळं फोल्डर करा. राइट-क्लिक, शेअर, शेअर टास्क्स. सहकाऱ्याला मेल जातो, त्यातूनच त्याने फोल्डर उघडायचं.

खरी काळजी पुढे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये परमिशन्स बघा: रिव्ह्यूअर फक्त वाचतो, ऑथर स्वतःच्या नोंदी घालतो-बदलतो, एडिटर मात्र तुमच्याही पुसू शकतो. सुरुवात रिव्ह्यूअरनेच करा, हक्क नंतर वाढवता येतो. आणि ‘डिफॉल्ट’ ओळीला हात लावू नका. तिथला हक्क ऑफिसातल्या सगळ्यांना लागू होतो.