बालसंगोपन योजनेचा अर्ज कुठे अडतो?

आई किंवा वडील वारले असतील, घटस्फोट झाला असेल किंवा पालकाला दुर्धर आजार असेल, तर महाराष्ट्रात १८ वर्षांखालील मुलासाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. (२०२३ च्या वाढीआधी १,१०० च होते.)

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्या. दलालाला पैसे देऊ नका. सोबत आधार, मृत्यूचा दाखला, रहिवासी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक. गृहचौकशीनंतर आदेश बालकल्याण समिती देते, तिथे मुलाला सोबत न्या.

गाडी हमखास अडते ती नावावर: आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरं. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर मंजुरी मिळूनही पैसे खात्यात पडत नाहीत.