फौजेतून निवृत्तीनंतर पदवी: बारावीला गुण कमी असले तर काय करायचं

दहावी-बारावी काठावर पास होऊन भरती झालेला जवान पेन्शनवर घरी येतो तेव्हा जेमतेम पस्तिशी-चाळिशीत असतो. पदवी घ्यावीशी वाटते, पण जुनं गुणपत्रक कॉलेजच्या खिडकीवर द्यायला संकोच वाटतो. बी.ए., बी.कॉम.साठी तरी तो बाळगू नका. तिथे बारावी पास असणं पुरतं. नावाजलेल्या कॉलेजची गुणवत्ता यादी वरच बंद होईल, पण तालुक्याच्या कॉलेजात किंवा मुक्त विद्यापीठात प्रवेश मिळतो. टक्के आडवे येतात ते इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना.

आधी ठरवा, पदवी हवी कशासाठी? 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या, पदवी मागणाऱ्या बऱ्याच बिगर-तांत्रिक जागांसाठी पदवीधरासारखं पात्र धरतात. तेवढंच हवं असेल तर कॉलेजचा खटाटोप नको. पण ती सवलत नोकरीपुरती आहे. एलएल.बी., बी.एड. करायचं तर खरी पदवीच लागते.

दहावीवर भरती झालेल्यांनी इथे घाई करू नये. बारावीशिवाय थेट पदवीला नेणारे पूर्वतयारीचे मार्ग मुक्त शिक्षणात आहेत आणि ते सोपे वाटतात. मात्र पायाभूत पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलीच्या प्रवेशाला चालत नाही, आणि हे कळतं तेव्हा तीन वर्षं गेलेली असतात. म्हणून आधी बारावी करा. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, किंवा एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून. एनआयओएसला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. 33 टक्क्यांना पास, आणि नोंदणीच्या पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते. नोकरी सांभाळून करणाऱ्याला ही मुभा फार उपयोगी आहे.

सीईटीच्या प्रवेशातल्या ‘डिफेन्स’ जागांवर भिस्त ठेवू नका. त्या सैनिकांच्या मुलांसाठी आहेत. तरीही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिकाचं ओळखपत्र करून घ्या. पुढे नोकरीच्या अर्जात वयाची सवलत मागताना लागतं.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नाव. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. फौज सोडताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात कधी वडिलांचं नावच नसतं. आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट्स ऑनलाइन जमा होतात ते खातं आधारवरून निघतं, आणि मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला लागणारा डेब आयडी हा ओळख क्रमांक त्या खात्यावरून. त्यामुळे गुणपत्रक समोर ठेवून आधी आधार दुरुस्त करा, मगच ही खाती उघडा. नावातच फरक असेल तर राजपत्रात नोंद करावी लागते. तिला वेळ लागतो, ती प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. मधल्या वर्षांसाठी कॉलेज गॅप सर्टिफिकेट मागतं. नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र आणि सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत शाळेतूनच मिळते. बारावी दुसऱ्या मंडळाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल.

नियमित कॉलेज की मुक्त विद्यापीठ? बारा तासांच्या सिक्युरिटी ड्युटीवर असाल तर 75 टक्के हजेरी भरणार नाही. अशा वेळी मुक्त विद्यापीठच बरं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए. मराठीतून होतं, इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, हिंदी किंवा इंग्रजीतून. सतरा वर्षं हिंदीत वावरलेल्या माणसाच्या मराठी उत्तरात नकळत ‘पानी’, ‘लेकिन’ उतरतं. दोन्ही भाषांत एकेक पान लिहून बघा आणि जी हाताला येते ती घ्या.

प्रवेशाआधी तीन-चार महिने ई-बालभारतीवरची आठवी ते दहावीची इंग्रजीची पुस्तकं मोफत उतरवून वाचा, बी.कॉम. असेल तर गणितही. रोज अर्धा तास हाताने लिहा. वर्षानुवर्षं पेन न धरलेला हात तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासालाच दुखतो, आणि येत असलेले प्रश्नही लिहायचे राहून जातात.

आता खरं लक्ष हवं ते नव्या टक्क्यांकडे. इग्नूत बी.ए. 35 टक्क्यांना पास होतं, पण एलएल.बी.ला खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के लागतात, बी.एड.ला 50. म्हणजे नुसतं पास होऊन पुढची दारं बंद होऊ शकतात. इग्नूत स्वाध्यायाला 30 टक्के भार असतो आणि ते घरी बसून लिहायचे असतात. सर्वांत सहज वाढणारे गुण हेच. गाइडमधून उतरवलेलं उत्तर तपासणारा ओळखतो. मुद्दे पुस्तकातून घ्या, वाक्यं स्वतःची लिहा, जमा केल्याची पोचपावती जपा. पेपर पास आणि स्वाध्यायाची नोंद नाही, असं झालं तर तो विषय अपूर्णच राहतो, आणि पोचपावतीशिवाय अभ्यास केंद्राशी बोलायला तुमच्या हातात काहीच नसतं.