नर्सिंगची टोपी, बॅज आणि ग्रुप फोटो कसे जपावेत

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर बंद कपाटातही ओल धरते. शपथविधीला घातलेली पांढरी टोपी याच दिवसांत खराब होते, आणि त्याला मुख्य कारण म्हणजे खळ. स्टार्च हे कसरीचं आणि झुरळांचं आवडतं खाणं. शिवाय कडक खळीच्या घडीवर सुताचे धागे तुटतात. म्हणून टोपी ठेवणीत टाकण्यापूर्वी खळ पूर्ण काढाच.

त्याआधी मात्र टोपीचे चारही बाजूंनी फोटो काढा. घडी घालायची पद्धत प्रत्येक स्कूलची वेगळी असते. एकदा उलगडली की ती परत जमेलच असं नाही. बटणं, पिना काढून ठेवा, नाहीतर गंजाचे डाग पडतात. रंगीत पट्टी असेल तर ओल्या पांढऱ्या कापसाने टिपून बघा. कापसाला रंग लागला तर टोपी पाण्यात घालूच नका.

रंग पक्का असेल तर टोपी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पाणी बदला, असं तीनदा करा. खळ गेली का हे ओळखायला शेवटचं पाणी वाटीत घेऊन गार होऊ द्या आणि त्यात बीटाडिनचा एक थेंब टाका. पाणी निळं-जांभळं झालं तर खळ शिल्लक आहे, पुन्हा भिजवा. थेंब वाटीतच टाकायचा, टोपीवर नव्हे. ब्लीच टाळा, त्याने जुनं सूत कमजोर होतं आणि गंजाचा डाग आणखी पक्का बसतो. सावलीत पसरून खडखडीत वाळवा. नीळ नको, इस्त्री नको. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा. वर्तमानपत्राने कापड पिवळं पडतं, प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. दसऱ्याच्या सुमारास एकदा बाहेर काढून हवा द्या.

बॅजवर मिना (धातूवर भाजून बसवलेला काचेसारखा रंग) असेल तर चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. आंबटाने मिन्याची चमक जाते, घासण्याने मुलामा उडतो. किंचित ओल्या कापसाने पुसून लगेच कोरडा करा. मागची पिन तुटली असेल तर गुजरीत सोनाराला आधी मिना दाखवा. पिन डाग देऊन जोडताना लागणाऱ्या आचेने मिना तडकतो. चांदीचा बॅज रबरबँड किंवा लोकरीच्या कपड्याजवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

ग्रुप फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करून घ्या. सुटा असेल तर मागे मऊ शिसपेन्सिलीने, डावीकडून, रांगेनुसार नावं लिहा. बॉलपेन दाबून पुढे उठतं. सिस्टरांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहा. स्कूलच्या रजिस्टरात बहुतेकींचं माहेरचंच नाव सापडतं. तारीखही नीट बघा. हातात दिवा घेऊन शपथ बहुधा पहिल्याच वर्षी होते, त्यामुळे दिव्यांच्या फोटोवर पास झाल्याचं वर्ष लिहिलं तर बॅचच चुकते. आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, तो थर पुन्हा सुखरूप निघत नाही.